वरच्या डोहाचे अर्जदार

मी काही लिहावं हा आगाऊपणाच आहे, हे आधीच कबूल करते. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलेलं नाही. घरात छापील म्हणून जे काही होतं ते खताच्या पोत्यांवर आणि बियाण्याच्या दुकानातून मिळालेल्या कॅलेंडरवर. सातवीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकले, मग तेलुगू माध्यमात गेले. त्यामुळे चांगल्या मराठीत एका माणसाबद्दल लिहायला बसताना प्रत्येक शब्द दोनदा तपासून घेते. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहायचं, ते आज असते तर त्यांनी हा कागद आधी उलटा करून पाहिला असता आणि म्हटलं असतं, "सही कुटं हाय? बिनसहीचा कागद म्हंजे पतंग. कोनाच्याबी छतावर पडते."

ते आदिलाबादेतले माझे घरमालक. आम्ही सगळ्या भाडेकरू पोरी त्यांना काकाजी म्हणायचो. नोकरीत असताना ते गिरदावर होते, म्हणजे गावोगाव फिरून जमिनीची, पिकाची, हद्दीची पाहणी करणारे महसुलातले माणूस. नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, पण डोक्यातला नकाशा काही कोणी जमा करून घेतला नव्हता.

खोली बघायला मी आणि बाबा तामसीकडच्या बसने आलो तो दिवस मला नीट आठवतो. काकाजी ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. बाबांनी गावाचं नाव सांगितलं तसे ते उठून उभे राहिले.

"तुमच्या नाल्याचा वरचा डोह. उंबराखालचा. त्यात मरळ हाय का अजून?"

बाबा गोंधळले. त्यांना वाटलं, आपली परीक्षा चालू आहे. "मरळ? नाई जी. बेंडकं हायेत."

"वाम?"

"नाई."

"झिंगे तरी?"

"नाई पाह्यले जी कधी हालच्या सालात. भाडं किती म्हनता?"

"ते हिले इचारा," असं म्हणून काकाजी आत निघून गेले, जणू कोणी जवळचं माणूस गेल्याची खबर आली होती. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "याईचं मनावर घेऊ नका, भाऊ. मासे सोडून या घरातलं बाकी समदं मी पाह्यते."

माशांसाठी इतका जीव टाकणाऱ्या या माणसानं आयुष्यात मासा खाल्ला नव्हता. घर माळ्याचं, गळ्यात माळ, ताटात वांगी आणि मेथी. पण मरळीचं कालवण कसं करतात ते त्यांना पक्कं माहीत होतं, कारण पस्तीस वर्षं गावोगावच्या चावडीवर बसून त्यांनी ते ऐकलं होतं. "जवसाचं कूट पायजे म्हनते. मले काय मालूम? मी ऐकलेलं सांगून राह्यलो." दर रविवारी ते मासळी बाजारात जायचे. उपरण्याचं टोक नाकाला लावायचे, प्रत्येक टोपलीपुढे वाकायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "कोन्या पान्याची?"

बाजारात आमच्याच गावची एक मावशी बसायची. ती भोयाच्या घरातली. तिचा नवरा आणि सासरा पिढ्यान्‌पिढ्या आमच्या नाल्यात जाळं टाकायचे. मासे संपले तसं ते घर उठून शहरात आलं आणि मावशी आता दुरून ट्रकमधून आलेले, बर्फातले मासे विकायची. ती काकाजींना लांबून पाहूनच सुरू व्हायची.

"आले पाहा, फुकटे जावई! काकाजी, एखादा तरी घ्या आज. तुमी पाहून पाहून मासे लाजून राह्यले."

"कोन्या पान्याची हाय ते सांग."

"बर्फाच्या पान्याची! आपल्या नाल्याची आनून द्या, मंग सांगतो नाव-गाव समदं."

बाकीच्या बाया खदखदून हसायच्या. काकाजीही हसायचे. पण परत येताना रिक्षात ते गप्प असायचे, हे मी दोन-तीनदा पाहिलं. त्या गप्प बसण्याचं कारण मला नंतर कळलं.

काकाजींच्या खिडकीत बाटल्या असायच्या. जुन्या औषधाच्या, सरबताच्या. प्रत्येकीत एकेका नाल्याचं पाणी आणि वर चिकटवलेली चिठ्ठी: गुडीहत्नूर पुलाखाली; इंद्रवेल्ली रस्ता, दुसरी मोरी; वरचा डोह. महिन्या-दोन महिन्यांनी ते बाटली उजेडात धरायचे, तळाचा गाळ बघायचे, वास घ्यायचे. एकदा त्यांच्या मुलाच्या सासरकडचे एक जाडजूड पाहुणे आले. उन्हाचे दिवस. पाहुण्यांनी खिडकीतली बाटली उचलली आणि गुडीहत्नूरचा पूल अर्धा पिऊन टाकला. काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. काकाजी मात्र पुढे सरकून मनापासून विचारत होते, "साबनाची चव लागली का? खरं सांगा."

कपडे धुताना आम्ही पोरी पावडर जास्त टाकली की ते मोरीपाशी येऊन उभे राहायचे. "हे पानी कुटं जाते, मालूम हाय?" मग पत्ता सांगावा तसा सांगायचे: गटारातून नाल्यात, नाल्यातून पैनगंगेत, तिथून वर्धेत, प्राणहितेत, गोदावरीत. "राजमुंद्रीचा मानूस तुह्या ओढनीचा फेस पाहून राह्यला, पोरी." माझी मैत्रीण म्हणायची, "काकाजी, आजवर त्याची तक्रार नाई आली." तर ते म्हणायचे, "तक्रार करनाऱ्याचंच सरकार ऐकते. ज्याले तोंड नाई त्याचं कोन लिहून घेते?"

हे वाक्य ते गमतीनं म्हणायचे नाहीत. एका दुपारी त्यांनी मला तेलुगूत एक अर्ज लिहून द्यायला बोलावलं. त्यांना मराठी आणि उर्दू उत्तम यायची, तेलुगू बोलता यायची, लिहिता येत नव्हती. कार्यालयात आता सगळं तेलुगूत. मी वही घेऊन बसले तेव्हा त्यांनी ट्रंकेतून एक पिवळट नक्कल काढली. आमच्या गावाखालच्या बंधाऱ्याचा पंचनामा. जागा योग्य, पाया खडकाचा, असं सगळं लिहून शेवटी एक ओळ होती: "हरकत घेणारे: कोणी नाही." आणि खाली सही. त्यांची.

"सारं गाव काठावर उभं होतं," ते म्हणाले. "मी तीनदा इचारलं, कोनाची हरकत हाय का? समदे खुशीत. पानी अडनार होतं ना. मी लिहून मोकळा झालो, कोनी नाई. काठावरच्याईले इचारलं, पोरी. पान्यातल्याईले इचारायचं राहून गेलं."

पुढचं मला माहीत होतं, फक्त मी ते कधी असं जोडून पाहिलं नव्हतं. बंधारा सरळ भिंतीसारखा, पुरुषभर उंच. पावसाळ्यात पैनगंगेतून मासे अंडी घालायला नाल्यानं वर चढत यायचे, ते भिंतीशी येऊन थडकायचे. लहानपणी आम्ही तिथे जायचो. माणसं धोतर, लुगडं, मच्छरदाणी, हाताला येईल ते घेऊन उभी असायची आणि पोटात अंडी असलेले मासे टोपल्यांनी घरी यायचे. आम्हाला ती जत्राच वाटायची. पाच-सहा वर्षांत जत्रा आपोआप बंद झाली. वर डोहात शेवाळ साचलं, डासांची पैदास वाढली आणि भोयांची घरं उठली.

काकाजींना फार काही नको होतं. बंधाऱ्याच्या एका टोकाला दाराएवढी खाच पाडायची आणि तिच्याखाली खडबडीत दगडांचा उतार रचायचा, म्हणजे मासे पायरी-पायरीनं वर येतील. याला ते 'चढण' म्हणायचे. डोळे मिटायच्या आधी आपल्या सहीखालची ती ओळ खोटी ठरवायची, एवढंच त्यांच्या मनात होतं.

अर्ज सांगायला त्यांनी सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीला माझं पेन थांबलं.

"अर्जदार: मरळ वगैरे. राहनार वरचा डोह. तर्फे सेवानिवृत्त गिरदावर."

"काकाजी, असं कसं लिहू? हसतील."

"हसू दे. हसनारा कागद वाचते तरी. न हसनारा ठप्पा मारून बाजूले ठेवते."

मी लिहिलं. अर्ज गेला. त्यावर काही होईल म्हणेपर्यंत मंडलंच फुटली; मंडल म्हणजे आमच्याकडचा तालुका. नवं राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते, तेवढ्यात जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, मंडलांची नवी मंडलं झाली. आमचा नाला तोवर साधा नाला होता, तो हद्द झाला. डावा काठ जुन्या मंडलात, उजवा नव्यात. गावातली माणसं पलीकडच्या शेतात जाताना म्हणायची, "चाललो परदेसात."

आम्ही जुन्या कार्यालयात गेलो. तिथल्या कारकुनानं हात जोडले. "काकाजी, तुमची फाईल कपाटासकट नव्या मंडलात गेली."

बस पकडून नव्या मंडलाच्या गावी गेलो. कार्यालय एका शाळेच्या खोलीत थाटलेलं. फळ्यावर अजून पाढे होते. कपाट होतं, पण त्याच्या दाराला टाळं. चावी जुन्या कार्यालयात राहिली होती. तीन आठवडे ती मंडळी त्या कपाटाकडे बघत बसली होती. दोन्हीकडून पत्रं चालू होती: चावी पाठवावी, चावी नेण्यास माणूस पाठवावा, माणूस नाही, सबब चावी पाठवावी.

काकाजींनी मान हलवली, मला घेऊन त्याच बसनं परत फिरले आणि जुन्या कार्यालयात जाऊन म्हणाले, "द्या इकडं. पस्तीस साल तुमचे नकाशे वाह्यले, एक चावी काही जड नाई." त्यांनी रीतसर पावती लिहून दिली. चावी करगोट्याला बांधली. दुसऱ्या दिवशी नव्या कार्यालयात ती सोडायला त्यांना जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ मी फळ्यावरचे पाढे वाचत भिंतीकडे तोंड करून उभी होते.

टाळं उघडलं तेव्हा शिपायानं टाळ्या वाजवल्या. नव्या तहसीलदार मॅडम तरुण होत्या, खम्ममकडच्या. त्यांनी आनंदानं काकाजींना खुर्ची दिली, चहा मागवला आणि फाईल उघडली. पहिली ओळ वाचून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"दादाजी, अर्जदार मछली है?"

"जी मॅडम."

"तो अर्जदार का आधार कार्ड किधर है?" त्यांनी गंभीर चेहऱ्यानं विचारलं. मागे शिपाई तोंडाला रुमाल लावून हसत होता.

काकाजी खुर्चीत ताठ झाले. "मॅडम, मरळ बोले तो कोर्रमीनु. नये राज ने उसकोच राज्य का मछली ठहराया ना? अर्जदार सरकारी है. सरकारी आदमी को आधार पूछते क्या?"

मॅडम इतक्या हसल्या की चहा फाईलवर सांडला. तो डाग त्या अर्जावर अजून असेल. पण चार दिवसांनी त्या जीप घेऊन नाल्यावर हजर झाल्या.

गाव पुन्हा काठावर जमलं. काकाजींनी आपली चढण काठीनं मातीत आखून दाखवली. मॅडमनी विचारलं, "किसी की हरकत?"

"माही हाय," मागून आवाज आला. ते माझे बाबा होते.

मला जमिनीत जावंसं वाटलं. तो अर्ज माझ्या हस्ताक्षरात होता आणि हरकत माझ्या बापाची. बाबा पुढे आले. "त्या बंधाऱ्याच्या पान्यावर माहा हरभरा हाय, जी. त्या हरभऱ्यावर या पोरीचं कॉलेज हाय. तुमी खाच पाडान, पानी जाईन. माशाईसाठी मी काऊन उपाशी राहू?"

मी काकाजींकडे पाहायला धजत नव्हते. पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा लग्नघरासारखा फुललेला होता.

"लिहा!" ते कारकुनाला म्हणाले. "बराबर लिहा, एक शब्द सोडू नका. मले इतक्या सालाचा एक हरकतवाला भेटला." मग बाबांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. "आता सांगा भाऊ, मोटार कवा लावता?"

"दसऱ्यानंतर."

"अन्‌ मासा कवा चढते?"

"आखाडात. सावनात."

"मंग दसऱ्याले खाचेत लाकडाच्या फळ्या बसवू. पानी तुमचं. मिरगाच्या आधी फळ्या काढू. वाट त्याईची. फळ्या तुमच्याच घरी ठेवा, म्हंजे कोनावर इस्वास ठेवाचं काम नाई."

बाबांनी मातीतली रेघ पावलांनी मोजून पाहिली. "हे आधी काऊन नाई सांगितलं?" एवढंच म्हणाले. त्यांच्याकडून होकार असाच येतो.

खाच उजव्या टोकाला पाडायची ठरली. म्हणजे पूर्ण नव्या मंडलात. काकाजींचं म्हणणं, जिथं एका सहीत काम होते तिथं दोन मागू नये. उन्हाळ्यात गावानं दगड वाहिले, पंचायतीचा मिस्त्री आला, चढण तयार झाली. काकू डबे घेऊन आल्या आणि सगळ्यांना सांगत सुटल्या, "चाळीस साल संसार केला, मले कधी एक पायरी बांधून नाई देल्ली याईनं. माशाईले आठ बांधल्या."

आणि त्या वर्षी एकही मासा आला नाही.

पाऊस बरा झाला, नाला दोनदा भरून गेला. काकाजी दर शनिवारी मला विचारायचे, मी घरी फोन करायचे, बाबा म्हणायचे, "पानी गेलं, मासा नाई आला." गावात थट्टा सुरू झाली. कोणी म्हणे, माशांना तेलुगू वाचता येत नसेल, पाटी मराठीत लावा. बाजारातली मावशी मात्र तेव्हा थट्टा करत नसे. ती म्हणाली, "एक साल थांबा, काकाजी. सोडून गेलेल्या घरी मानूसबी एकदम नाई येत."

पुढच्या उन्हाळ्यात काकाजी ओसरीच्या पायरीवरून पडले आणि कमरेचं हाड मोडलं. मुलगा करीमनगरला होता, तो त्यांना घेऊन गेला. ऑपरेशन झालं, ताप आला, पुन्हा दवाखाना. चालता येईल असं डॉक्टर म्हणत नव्हते. जाताना त्यांनी गाडीच्या खिडकीतून मला एवढंच सांगितलं, "काही झालं तर कळव. नाई झालं तरी कळव."

बाबांनी मिरगाच्या आधी फळ्या काढल्या. मी सांगितलं नव्हतं. आणि श्रावणातल्या एका सकाळी कॉलेजात तास चालू असताना त्यांचा फोन आला, तोही लागोपाठ तीनदा. मी बाहेर पळाले.

"पोरी, वरच्या डोहात लाल लाल काही तरी फिरून राह्यलं."

"काय लाल?"

"गोल गोळा हाय. कुकू सांडल्यावानी. इकडून तिकडं सरकते. मले वाटते कोनी कपाशीची दवाई ओतली. ढोरं पान्यावर नाई जाऊ देल्ले मी."

मासे मारायला नाल्यात औषध ओतणारी माणसं आमच्याकडे आहेत. करीमनगरला काय कळवायचं, ते आधी कोणाला तरी विचारावं म्हणून मी थेट मासळी बाजारात गेले. मावशीला सगळं सांगितलं. तिनं हातातली सुरी खाली ठेवली.

"बापाले फोन लाव. अन्‌ इचार, त्या लालाच्या खाली काही मोठं दिसते का?"

मी विचारलं. बाबा डोहाकाठीच बसले होते. पलीकडे पाणी डुचमळल्याचं ऐकू आलं. मग हळू आवाजात म्हणाले, "हाय. दोन हायेत. काळे. मी काठी पान्यात घातली तं एक माह्याकडं धावून आला."

मावशी बर्फाच्या टोपल्यांमागून उठून उभी राहिली. भर बाजारात तिनं डोळ्याला पदर लावला आणि मग मोठ्यानं हसायला लागली. "अवं येडे, पिल्लं हायेत ते! मरळीचे पिल्लं लालच असते. मायबाप खालून राखन करून राह्यले. तुह्या बापानं जलमात पाह्यलं नसन, त्याची काय चूक?" फोन माझ्या हातातून ओढून घेऊन ती बाबांना म्हणाली, "भाऊ, तिथून हलू नका. पोट्टे गळ घेऊन येईन."

"मी कुटं हलतो?" बाबा म्हणाले. "सकाळपासून बसून हाव."

करीमनगरला फोन लावला तर काकाजी दवाखान्यात, आत फोन नेऊ देत नव्हते. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी त्यांना घरी आणल्याचं कळलं. फोन सूनबाईंनी घेतला. त्या तेलुगू बोलणाऱ्या, मराठी मोडकी. मी तेलुगूत सगळं सांगितलं: चढण, डोह, जोडी, पिल्लं. त्यांनी ते काकाजींच्या कानाशी ओरडून सांगितलं. एकदा, मग पुन्हा एकदा. मग पलंग करकरल्याचा आवाज आला आणि सूनबाई घाबरून ओरडल्या, "मामय्या, वद्दु! उठू नको!"

आणि त्यांच्यामागून काकाजींचा आवाज आला, अगदी स्पष्ट.

"माह्या चपला कुटं ठेवल्या? बस साडेदहाची हाय. पाहून येतो."